काठापर्यंत

आधी मी चेंबूर कॅम्पात पासपोर्ट फोटो काढायचो.
हनुवटी वर, कान दिसू द्या, चष्मा काढा,
पाच मिनिटांत आठ कॉप्या.
आता ज्यांचे काढतो
त्यांना मान धरता येत नाही,
नावही नसतं पुष्कळांना.
पायातल्या पट्टीवर आईचंच :
बेबी ऑफ उज्मा.
बेबी ऑफ हर्षाली, ट्विन टू.
बेबी ऑफ रेशम.

मंगळवारी गोवंडी.
कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसतो,
खड्डा आला की तिच्यावर आडवा हात.
रिक्षावाला विचारतो, काच आहे का?
म्हणतो, काचच समज.

सिस्टर लोबोंनी थेंब घालून ठेवलेले असतात,
दर दहा मिनिटांनी, तीनदा.
डोळ्यांत तेल घालून जपावं म्हणतात,
आमचं थेंबांवर भागतं.

रेशमचा मुलगा. जन्मला तेव्हा नऊशे ऐंशी ग्रॅम.
भाजीवाली असती तर वर दोन मिरच्या टाकून
काटा सरळ केला असता.
इथे आठ आठवडे लागले,
आता सतराशे.
जिभेवर साखरपाणी, पापण्यांना तारेचा चिमटा,
बुबुळावर जेलचा ठिपका
आणि त्यावर मी, श्वास धरून.
तो रडतो. आवाज मागाहून येतो,
आधी फक्त तोंडाचा आकार.

स्क्रीनवर केशरी उजेड.
मधोमध फिकट चकती, तिथून निघालेल्या शिरा.
त्यांना काठापर्यंत जायचं होतं,
अंधारात, सावकाश, नऊ महिने हाताशी धरून.
सातव्यातच दार उघडलं.

फोटो दाखवा की, रेशम म्हणाली.
दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाली,
कांदा ग्लासात ठेवला की अशीच मुळं फुटतात.
मग : मी दिसते का यात?
म्हटलं, हा आतला फोटो, बाहेरचं येत नाही.
तिला पटलं नाही.
पण बघत तर माझ्याकडेच होता, म्हणाली.

वॉर्डात रेंज नाही.
जिन्याच्या खिडकीशी, डंपिंगच्या धुराकडे तोंड केलं
की दोन कांड्या येतात.
तिथून परळला जातात चौदा फोटो, एकेक करून,
डॉक्टर हेगिष्ट्यांकडे.
दोन वर्षांत त्यांना पाहिलेलं नाही मी.
त्यांनीही मला नाही, हात तेवढा ओळखतात :
आज उजवीकडे थरथरलात. सातवा परत घ्या.
घेतला.

संध्याकाळी पाच वीसला फोन.
एरवी आधी खोकतात, मग बोलतात.
आज खोकल्या नाहीत.
कड उठलीय. शिरा नागमोडी झाल्यात, दोन्ही डोळे.
अठ्ठेचाळीस तासांत लेझर,
उद्याच आणा.

खाट रिकामी होती.
दुपारी डिस्चार्ज झाला, सिस्टर म्हणाल्या,
पावडरचा डबा विसरून गेली बघा.

केसपेपरवर पत्ता : प्लॉट नंबर पुसट, मशिदीमागे.
आणि एक नंबर.

इद्रिस चिकन सेंटर, बोलो.
रेशम आहे का? बाळ आहे तिचं, लहान.
रुको.
फोन लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवल्याचा आवाज.
सुरी. कोंबड्यांची फडफड. कुणाचे तरी सुट्टे पैसे.
मग ओरडणं : अरे, वो छोटे बच्चेवाली को बुला!
तेच पुढे दुसऱ्या तोंडातून,
तिथून एका पोराच्या, मग एका म्हातारीच्या,
डावीकडे वळून, कुठे दोन फाटे फुटून,
बारीक होत होत
गल्लीच्या पार टोकाला.

मी जिन्याच्या खिडकीशी उभा.
हलायचं नाही, दोनच कांड्या आहेत.

ठोकळ्यावर सुरी थांबली.
लांबून चपला येतायत, पळत.
एकीचा पट्टा तुटलेला असावा.